चार चाकांतली हवा

सकाळचे साडेसात. देवळाली कॅम्पात सोराबसेठच्या गॅरेजपुढचं आवार. गाडी ट्रकवरून नुकतीच उतरली होती.

"कुणापासून सोडवलीस?"

अभिराम चौबळला प्रश्नच कळला नाही. कुठली, कधीची, इंजिन मूळचं का, या सगळ्याची उत्तरं तो घोकून आला होता.

"दुर्लक्षापासून, सेठ. जतकडे गोठ्यात सडत होती. चाळीस वर्षं! सीटवर कोंबडी अंडी घालायची."

सेठ हसले नाहीत. मोडक्या विलायती गाड्या पुन्हा रस्त्यावर आणण्यात या म्हाताऱ्या पारशाचं आयुष्य गेलं, पण शिष्य एकही केला नव्हता. अभिरामला त्यांनी एकच अट घातली होती. 'जिला कुणी नाही, अशी गाडी आण. मग शिकवीन.'

आणि त्यानं ही आणली. दोघांपुरती, उघड्या टपाची, लाल. अशी दुसरी पाहिलेला माणूस सापडत नव्हता. आजच्या पेपरात फोटोही आला होता, 'दुर्मीळ गाडीला जीवदान'. बातमी लिहिणाऱ्यानं गोठ्यापर्यंत जायची तसदी घेतली नव्हती.

"बाहेर काढली कशी?"

"दोघांनी ढकलली. लोण्यासारखी आली! नशीब, दुसरं काय?"

"नशीब..."

सेठ गुडघ्यावर हात टेकून वाकले. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह त्यांनी नखानं दाबला.

फुस्स.

बराच वेळ दाबून ठेवला. चाक बसलं.

"हवा तू भरली होतीस?"

"नाही."

"ट्रकवाल्यानं?"

"तो कशाला..."

अभिराम थांबला. उरलेल्या चाकांवर त्यानं अंगठा दाबून पाहिला. टणक. वर्षानुवर्षं उभ्या गाडीची हवा उतरते, ब्रेक जाम होतात, हे त्याला पाठ होतं. लाल रंग दिसला आणि ते आठवायचं राहून गेलं.

"विकली कोणी?"

"पुतण्यानं. मालक थकलेत. त्यांना काही कळत नाही, म्हणाला."

"ते कुठे होते?"

"दारात. गाडी निघाली तसे मागे मागे आले... पार फाट्यापर्यंत. मला वाटलं, कौतुकानं."

"काय बोलले?"

"काही नाही. चाकांकडे बघत होते."

सेठनी बसलेल्या चाकावरून हात फिरवला.

"पण कागद पक्के आहेत, सेठ. मी चोरी नाही केली! तिथे राहिली असती तर गंजून गेली असती. नसती गेली? आता परत नेऊ का? की शिकवणार मला? काहीतरी सांगा हो..."

सेठनी खुंटीवरचा पायपंप काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"सोडली तेवढी भर."

अभिराम पंप मारू लागला. शिकवणी सुरू झाली की संपली, त्याला कळेना.

सेठ आत निघाले. उंबऱ्यात थांबले.

"डिकरा, चाळीस वर्षं ही हवा कोण भरत होतं?"