डावीकडे फिरलेला मणी

एका राज्यात ताडाएवढा उंच आरसा होता आणि त्यात गेलेली माणसं दिसत. गेलेली म्हणजे मेलेली. उगाच गोड शब्द कशाला.

बिंबक नावाच्या मायाव्याने तो आरसा राजसभेत उभा केला आणि स्वतः शेजारी ठाण मांडलं. तो म्हणे, "आरशात जे दिसतं ते जगात घडू शकतं. उजव्याचं डावं होतं, एवढाच काय तो फरक. तुमची माणसं आत दिसतात ना? मग आज ना उद्या बाहेर येतील. बसून राहा."

लोक बसून राहिले. पेरण्या राहिल्या, गुरं हंबरून थकली, चुलींत मांजरं निजली. उपाशी बसून जो मरे, तो दुसऱ्या दिवशी आरशात दिसे. मग त्याच्या घरचेही येऊन बसत.

राजा धैर्यसेनाची राणीही आत होती. सभेत येताना तो डोळ्यांवर पट्टी बांधून येई. एके दिवशी त्याने विचारलं, "बिंबका, हा आरसा जाईल कशाने?"

"आरशातली एक तरी गोष्ट जगात घडवता येत नाही, असं दाखवा. आरसा आपणहून जाईल. कसोट्या तीन, आणि तिन्ही एकाच माणसाच्या हातून."

न थरथरणारा हात राज्यात एकीचाच होता. येसाई कातारणीचा. लाकडाच्या रव्या, पाळण्याचे खुंट, भोवरे कातण्यात तिचा जन्म गेला होता. तिचा भोवरा फिरू लागला की उभा आहे की फिरतो आहे ते कळत नसे. तीही तिसऱ्या रांगेत बसली होती. एकोणीस वर्षांची तिची लेक केतकी तापाने गेली होती.

"येसाई, ऊठ."

"महाराज, माझी लेक आत आहे."

"माझी राणीही आत आहे."

"तुम्ही डोळे बांधलेत. मी उघडे ठेवलेत. आपलं दुःख एक नव्हे."

राजा मग म्हणाला, "तुझ्या शेजारच्या ठकूचं तान्हं काल सकाळी गेलं. आईच्या अंगात दूध उरलं नव्हतं."

येसाईने वळून पाहिलं. ठकूची मांडी रिकामी होती आणि तिची नजर आरशात होती. येसाईनेही आत पाहिलं. ते तान्हं केतकीच्या हातांत होतं.

येसाई उठली.

पहिली कसोटी दगडाची. तिने उजव्या हातातला दगड सोडला. आरशात तो डाव्या हातातून पडला. मग जगात डाव्या हातातून सोडला, तोही तसाच पडला. आरसा हलला नाही. केतकी आतून हसली आणि येसाईचे खांदे सैल झाले. खोटं का बोला, तिला बरंच वाटलं.

दुसरी कसोटी शंखाची. शंख डावा होता, आरशात उजवा दिसला. पंडित आनंदाने उठले, "असा शंख जगात नाही." तेवढ्यात देवघराचा पुजारी चंदनाच्या पेटीतून उजवा शंख घेऊन आला. लाखांत एक मिळतो, पण मिळतो. पंडित खाली बसले. येसाईचे खांदे पुन्हा सैल झाले.

तेव्हा खिडकीतली साळुंकी बोलली, "सातव्या तळघरात शापाचा मणी आहे. तो आपला आपण झिजतो आणि ठिणग्या टाकतो. उबेत तो थरथरतो, म्हणून ठिणग्या वाटेल तिकडे उडतात. त्याला बर्फात गोठव, भोवऱ्यात बसव, फिरव. मग बघ."

येसाईने तीन दिवस चालून डोंगरावरचं बर्फ आणलं. तळघरातला मणी त्यात गोठवून भोवऱ्याच्या पोटात बसवला. वर एक तांब्याचं ताट टांगलं, खाली एक ठेवलं, दोन्हींना काजळी फासली. ठिणगी लागेल तिथली काजळी उडून तांबं दिसावं, ही युक्ती तिची स्वतःची; कोणत्या पोथीतली नव्हे.

तिने उजवा पीळ देऊन भोवरा सोडला. मणी उजवीकडे फिरला. खालचं ताट ठिपक्यांनी भरलं, वर पाचसात ठिपके. आरशात मणी डावीकडे फिरला, आणि तिथेही खालचंच ताट भरलं.

"सारखंच झालं," पंडित म्हणाले. "तिसरीही गेली."

"गेली," बिंबक म्हणाला. "म्हातारे, बस खाली."

येसाई बसेना. आरशातल्यासारखा डावीकडे फिरणारा मणी जगात कोणी फिरवून पाहिलाच नव्हता. पंडितांच्या ते मनातही आलं नाही, कारण त्या राज्यात डावा पीळ फक्त मेलेल्यासाठी देत. तेराव्या दिवशी जवळचं माणूस डावा भोवरा फिरवी आणि नदीत सोडून देई, की निरोप झाला. केतकीचा तेरावा आला तेव्हा येसाई म्हणाली होती, "लेक समोर दिसते आहे, निरोप कसला?"

तिने ताटांना नवी काजळी फासली आणि दोरी डावीकडून गुंडाळायला घेतली.

"सभेत डावा पीळ? अभद्र," एक पंडित ओरडला.

"अभद्र काय ते तिसऱ्या रांगेत बसून बघा," येसाई म्हणाली.

आरशात केतकीने मान हलवली. नको, नको.

"पोरी, जन्मभर तू माझं एक ऐकलं नाहीस. आज मी तुझं ऐकत नाही."

भोवरा जरा तिरका सोडला असता तर ठिणग्या विखुरल्या असत्या. कोणाला कळलं नसतं आणि केतकी राहिली असती. येसाईने तो सरळ सोडला.

मणी डावीकडे फिरला. वरचं ताट लखलखलं. खालचं जवळजवळ काळंच राहिलं.

"आरशातला डावा मणी खाली ठिणग्या टाकत होता," येसाई म्हणाली. "जगातला डावा मणी वर टाकतो. तुझ्या आरशात दिसलं ते जगात घडत नाही."

"पुन्हा फिरव," बिंबक म्हणाला. 

तिने नवी काजळी फासून पुन्हा फिरवला, आणि तसाच आणखी एकदा फिरवला. एका निरोपाला जी कचरत होती तिने तीन दिले, आणि तिन्ही वेळा वरचंच ताट उजळलं.

आरसा फुटला नाही. तो वितळला, आणि त्याचं पाणी लोकांच्या पायांखालून वाहत गेलं. मागे नुसती भिंत उरली. बिंबक त्या भिंतीला हात लावून म्हणाला, "माझंही कोणी आत होतं." मग तो सभेतून चालता झाला, आणि त्याला कोणी अडवलं नाही.

लोक उठले, जेवले. पोटात अन्न गेल्यावर पहिल्यांदा येसाईला शिव्या दिल्या. तिने ऐकून घेतल्या. दुसऱ्या दिवशी औतं बाहेर निघाली.

चार दिवसांनी ठकू तिच्या दारात आली आणि उंबऱ्यावर बसली. येसाईने चुलीवरच्या आधणात आणखी एक मूठ तांदूळ टाकले.

"मावशी, शेवटी माझी नजर पुसट झाली होती. तुम्हाला दिसलं असेल. केतकीनं बाळाला नीट धरलं होतं ना?"

"मानेखाली हात घालून धरलं होतं," येसाई म्हणाली. "तिला मी शिकवलं होतं."

मग दोघी भात होईपर्यंत रडल्या. राज्यात पेरण्या वेळेवर होऊ लागल्या, गाईंना पान्हा फुटला, आणि आरसे तोंड पाहण्यापुरतेच राहिले.