खत न घातलेली कुंडी

एमबीएच्या वर्गात बाकी सगळे कॉमर्सचे. वनस्पतिशास्त्रात बीएस्सी केलेली हेमांगी दुसाने एकटीच. कुणी गटात घेईना, म्हणून ती मागच्या बाकावर बसायची. मार्केटिंगचे बिवलकर सर तिला ‘झाडवाली’ म्हणायचे.

एकदा सर मिशीला पीळ देत म्हणाले, “मी सरबताची जाहिरात केली आणि एप्रिलमध्ये खप दुप्पट!”

हेमांगीने विचारलं, “सर, जाहिरात केली नाही असं एखादं गाव ठेवलं होतं का?”

“ते कशाला?”

“एप्रिलमध्ये ऊनही वाढतं ना! आम्ही खत तपासताना एका कुंडीला खत घालतच नाही, ती बाजूला ठेवतो. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय खताचा गुण कळत नाही.”

सर चिडले. “म्हणून तूही अशी बाजूला बसतेस वाटतं?”

वर्ग खो खो हसला. हेमांगी शांतपणे म्हणाली, “हो सर. तुमच्या शिकवण्याने यांच्यात काही फरक पडतो का, हे ताडायला कुणीतरी लागणारच.”

हशा जागच्या जागी थांबला. सरांनी घाईघाईने फळा पुसायला घेतला.

मधल्या सुट्टीत डबा मात्र तिने एकटीनेच खाल्ला. प्रयोग अजून संपला नव्हता.