मोहरीचे माप

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तोपर्यंत कुणी कुणाचे डोके मोजले नव्हते.

एका नदीच्या दोन्ही काठांवर मिळून एकच राज्य होते. उगवतीच्या काठावरचे लोक वर्णाने उजळ, मावळतीच्या काठावरचे काळेसावळे. होडीत बसताना, बाजारात भाव करताना याची कुणाला आठवणही होत नसे.

मग राजाच्या मनात किल्ला बांधायचे आले. त्यासाठी चुन्याच्या भट्ट्या पेटल्या. भट्टीवरची माणसे वर्षा-दोन वर्षांत खोकून मरत, म्हणून तिथे कुणी आपण होऊन जाईना.

तेव्हा दरबारच्या पंडिताने एक पोथी लिहिली. देवाने माणसे दोन वेगळ्या मातींतून घडवली, उगवतीकरांना मोठी डोकी दिली आणि मावळतीकरांना लहान, असे तिच्यात होते. मोठ्या डोक्याने राज्य करावे, लहान डोक्याने भट्टी फुंकावी.

राजा म्हणाला, “पुरावा?”

पुराव्यासाठी बाजारातल्या मापाऱ्याला बोलावले. हा मापारी उगवतीकर. चाळीस वर्षे त्याने धान्य मापले, पण त्याच्या मापाला कुणी कधी नाव ठेवले नव्हते. त्या राज्यात खोटे मापणाऱ्याचे माप चौकात फोडत आणि पुन्हा त्याला मापाला हात लावू देत नसत. मापाऱ्याला मूलबाळ नव्हते. जे काही होते ते चोख मापाचे हे नावच.

काम सोपे होते. मावळतीकाठची एक कुंभारीण माणसांच्या डोक्यांवर ओले फडके टाकून मातीचे साचे काढी आणि भाजून आणी. उगवतीकराच्या साच्याला लाल दोरा, मावळतीकराच्या साच्याला काळा. मापारी साच्यात मोहरी भरी, ती शेराने मापी आणि आकडा लिही. लाल दोऱ्याच्या साच्यांत मोहरी जास्त बसे. दर वेळी बसे. त्या आकड्यांवर मावळतीच्या तीस माणसांना भट्टीवर नेलेही होते. उद्या दरबारात मापारी शपथ घेणार होता, आणि मग उरलेल्या सगळ्यांची पाळी होती.

शेवटच्या दिवशी दुपारी कुंभारीण पाटीभर साचे घेऊन आली. एकालाही दोरा नव्हता.

“बाई, दोरे कुठं आहेत?” मापारी दचकला.

“संपले.”

“संपले कसे? पंडितांनी सांगितलंय, दोरा बघूनच मापायचं.”

“का हो मापारीदादा? ज्वारी मापताना शेतकऱ्याचं तोंड बघून मापता काय?”

मापाऱ्याला राग आला. त्याच तिरीमिरीत त्याने एकेक साचा भरला, मापला आणि आकडा लिहिला. कुंभारणीला आपल्या हातचे प्रत्येक भांडे ओळखू येई. ती एकेकाचे नाव सांगत गेली.

“हा सगळ्यात मोठा ना? आमच्याकडचा गुराखी. दोन बैल मोजताना तीनदा चुकतो. आणि हा सगळ्यात लहान, तुमचे पंडितमहाराज.”

मापाऱ्याला हसू आले नाही. लहानमोठे साचे दोन्ही काठांचे निघाले, कसेही मिसळलेले. त्याने कोनाड्यातला लाल दोऱ्याचा एक जुना साचा काढला आणि पुन्हा भरू लागला. या वेळी त्याचे लक्ष स्वतःच्या हाताकडे होते.

साचा भरत आला, तसा त्याचा अंगठा आपोआप मोहरीवर दाबला गेला. डाव्या हाताने साच्याला हलकासा हिसका दिला. मोहरी खाली बसली आणि वर आणखी मूठभर मावली. मग त्याने काळ्या दोऱ्याचा साचा घेतला. अंगठा हलला नाही.

बाजारातले लबाड मापारी असेच ठोकून माप भरत. तो जन्मभर त्यांना शिव्या देत आला होता.

“मी मुद्दाम नाही केलं, बाई.”

“मला ठाऊक आहे,” कुंभारीण म्हणाली. “म्हणून तर भीती वाटते. लबाडाला धरता येतं, दादा. तुम्हाला कुणी धरावं? माझा धाकटा भाऊ त्या तिसांत गेलाय. उद्या माझीही पाळी आहे.”

दुसऱ्या दिवशी मापारी दरबारात उभा राहिला. वही पुढे होती. नुसते “खरे आहे” म्हटले की सुटला असता. पण त्याने घडले ते सगळे सांगितले, अंगठ्यासकट.

दरबारात कुजबूज झाली. पंडित मात्र डगमगला नाही.

“हरकत नाही महाराज, डोकी राहू द्या. आपण नाकं मोजू. नाकं नाही जमली तर हाडं मोजू.”

“आणि त्यांत मावळतीकर मोठे निघाले तर?” मापाऱ्याने विचारले.

“मूर्खा, असं निघेलच कसं? ते हलके आहेत हे ठरलेलंच आहे! माप फक्त शोधायचं राहिलंय.”

आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर पंडिताच्या लक्षात आले. राजाने मान खाली घातली, कारण भट्ट्या आधी पेटल्या होत्या आणि पोथी मागून आली होती, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

मावळतीकरांना भट्टीवर धाडायचा हुकूम रद्द झाला. तिसांना आणायला होड्या गेल्या. परत आले एकोणीस. कुंभारणीचा भाऊ त्यांत नव्हता.

कायद्याप्रमाणे चौकात मापाऱ्याचे माप फोडले. त्याने दया मागितली नाही. पंडिताला राज्याबाहेर घालवले. पण पोथी जाळायचे कुणाला सुचले नाही. ती काखेत मारून तो शेजारच्या राज्याच्या वाटेला लागला. तिथे म्हणे खाणीसाठी माणसे मिळत नव्हती.

तात्पर्य : निकाल आधी ठरला की प्रामाणिक हातही खोटे मापतो.