टिंगीचं चाटलेलं रताळं

एक होती मुंगी. नाव टिंगी. तीळ बघितलाय? त्याच्याहून बारीक! पण तोंड? बापरे!

भिवामामाच्या शेतात मातीला पडली भेग. भेगेत दिसलं रताळं. टिंगी आत शिरली. रताळं चाटलं. चपचप चपचप! म्हणाली, "उष्टं केलं. आता माझंच!"

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर काय! रताळ्यावर सोंडेकिडे! एक नाही, दोन नाही, ढीगभर! प्रत्येकाला ही लांब सोंड. कुर्रुम कुर्रुम!

"ए लांबनाक्यांनो! उष्टं आहे ते!"

"असू दे. आम्हाला चालतं!"

"निघा आधी!"

"भेग उघडी, तोवर आम्ही बसणार. भेग बुजायला लागली की पळू. कुर्रुम कुर्रुम!"

टिंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली मातीकडे.

"मातीबाई, मातीबाई, भेग बुजवा!
सोंडे निघेनात,
चाटलेलं रताळं मला मिळेना!"

माती म्हणाली, "मी नाही बुजवत जा! मी कोरडीठाक. पाणी आलं तर बुजवते."

तुरुतुरु तुरुतुरु. गेली पाण्याकडे. पाणी पाटात अडलेलं.

"पाणीदादा, पाणीदादा, वाहा ना!
माती बुजवेना,
सोंडे निघेनात,
चाटलेलं रताळं मला मिळेना!"

पाणी म्हणालं, "मी नाही वाहत जा! पाटात म्हैस बसलीय. ती उठली तर वाहतो."

तुरुतुरु तुरुतुरु. गेली म्हशीकडे.

"म्हसूमावशी, म्हसूमावशी, ऊठ ना!
पाणी वाहेना,
माती बुजवेना,
सोंडे निघेनात,
चाटलेलं रताळं मला मिळेना!"

म्हैस म्हणाली, "मी नाही उठत जा! भिवामामाचं गाणं ऐकल्याशिवाय मी कध्धी उठत नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. गेली मामाकडे. मामा बाजेवर पसरलेला.

"भिवामामा, भिवामामा, गा ना!
म्हैस उठेना,
पाणी वाहेना,
माती बुजवेना,
सोंडे निघेनात,
चाटलेलं रताळं मला मिळेना!"

मामा अर्धंच ऐकत होता. म्हणाला, "मी नाही गात जा! आज माझा उपास. पोटात कावळे ओरडतायत. रताळं आण, मग गातो."

"अहो, रताळ्यासाठीच तर गाणं!"

"आणि गाण्यासाठी रताळं!"

झाली का पंचाईत! टिंगीनं डोकं खाजवलं. सहाच्या सहा पायांनी! मग बाजेवर चढली. मामाच्या लेंग्यात शिरली. आणि...

कच्चकन!

"आई आई आई गंऽऽऽऽ!"

म्हैस म्हणाली, "अगंबाई, काय तान!" आणि उठली. धप्प!
पाणी वाहिलं. खळखळ!
माती भिजली. पचपच!
भेग बुजायला लागली.
सोंडे ओरडले, "पळाऽऽ! सोंडा अडकतील!" फुर्रर्र!

मामा आला ढुंगण चोळत. खुरप्यानं रताळं काढलं. "वा! आता फराळ!"

टिंगी ओरडली, "मामा, ते मी चाटलंय!"

"कुठं?"

"सगळीकडं!"

"शीऽऽ! उपासाला उष्टं?" मामानं रताळं टाकलं. टप्प! टिंगीच्या पुढ्यातच.

टिंगीनं खाल्ला एक घास. कुर्रुम! पोट टम्म. ढेकर आली. उरलं केवढं? डोंगराएवढं!

मग टिंगीनं काय केलं?

परत चाटून ठेवलं. चपचप चपचप!

रताळं उरलं, गोष्ट सरली!