शंखातल्या खेकड्यांची रांग

गोष्टी सांगणं हे माझं काम नाही. शाळेतल्या नीलांबरी बाईंनी फळ्यावर लिहिलं, तारली माशांचा थवा, डॉल्फिनचा कळप, आणि शंखातल्या खेकड्यांपुढे जागा मोकळी सोडून पोरांना म्हणाल्या, "पुळणीवरच्या आजोबांना विचारा." म्हणजे येत त्यांना नाही आणि ताप मला. सकाळपासून सात जणं दारात येऊन गेली. म्हणून एकदाच लिहून देतो. पुन्हा विचारायला येऊ नका.

एका किनाऱ्यावर, खडकांच्या सावलीत, शंखातले खेकडे राहत असत. या खेकड्याचं पुढचं अंग टणक, पण पोट लोण्यासारखं मऊ. म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो आणि मोठा नांगा आडवा लावून दार बंद करतो. अंग वाढलं की शंख आवळतो. मग लाट एखादा मोठा शंख टाकून गेली की सगळे जमायचे. थोरला पुढे, धाकटा शेवटी, मागच्याने पुढच्याला धरायचं. पहिला नव्या शंखात, दुसरा पहिल्याच्या, तिसरा दुसऱ्याच्या. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळ्यांना ऐसपैस घर. आम्ही रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढायचो तेव्हा गावातली माणसं अशीच नंबराने एका दोराला असायची, जागा मोजक्याच. वर पोचलेला माणूस दोर सोडून पुन्हा खाली पाण्यापाशी जायचा. त्याला सांगावं लागत नसे. आता तो दोरही गेला आणि ती माणसंही.

तरी तारल्या खेकड्यांना चिडवायच्या. "आमचा थवा, डॉल्फिनचा कळप. तुमचं काय? तुम्ही आपले एकेकटे, पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारे." खेकडे दारं लावून घ्यायचे. नाव नव्हतंच त्यांना.

एके दिवशी भरतीने मोठा शंख आणून टाकला, आतून गुलाबी. सगळे जमले. थोरला नव्या शंखात शिरला. दुसरा रिवाजाप्रमाणे लगेच बाहेर आला, तिसरा त्याच्या घरात शिरला, आणि तसंच पार शेवटपर्यंत. पण थोरल्याने आपला जुना शंख नांग्यात घट्ट धरून ठेवला.

"दादा, सोड ना," दुसरा म्हणाला. "माझं पोट उघडं पडलंय."

"माझंच घर आहे. नवं मानवलं नाही तर?"

"अरे, तुलाही ते कोणी सोडलं म्हणूनच मिळालं ना?"

"जरा कळ काढ. एवढ्या उन्हाने कोणी मरत नाही."

माडावर बसलेल्या कावळ्याने मान वाकडी केली. ते तिसऱ्याने पाहिलं. "काका, या तुमच्या घरात. मी मागे जातो," म्हणून तो बाहेर आला. चौथ्याने त्याला घर दिलं, पाचव्याने चौथ्याला. शेवटचा धाकटा कुरकुरला, "आत्ता कुठे पाय पसरले होते." पण तोही निघाला. सगळे आपापल्या आवळत्या घरात अंग चोरून बसले आणि दारं लावून घेतली.

कावळा खाली आला. एकेका दारावर चोच आपटत चालला. सगळी बंद. एकच उघडं होतं, थोरल्याचं. दार लावायचा नांगा जुन्या घराला धरून बसला होता.

"दादा, नांगा आत घे," दुसरा आतून ओरडला.

"म्हणजे हे सोडू?" थोरला म्हणाला. तेवढंच बोलला. कावळ्याने त्याला ओढून काढलं आणि माडावर नेलं.

पुळणीवर दोन शंख रिकामे पडले. बराच वेळ कोणी पुढे झालं नाही. काही झालं तरी त्याच्यामागे धरूनच सगळे लहानाचे मोठे झाले होते. शेवटी दुसरा म्हणाला, "धरा रे." तो थोरल्याच्या जुन्या घरात गेला, तिसरा त्याच्या, चौथा तिसऱ्याच्या. गुलाबी शंख दुसऱ्याला अजून मोठा होता, तो त्यांनी वाढत्या अंगासाठी खडकाशी लावून ठेवला. धाकट्याने आपला इवलासा शंख वाळू झाडून ठेवला, अजून यायच्या कोणासाठी तरी. भरतीने खडकात सोडलेल्या डबक्यातल्या तारल्या हे सगळं बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "ती बघा, खेकड्यांची रांग." त्यानंतर त्या कधी चिडवायला आल्या नाहीत. तर पोरांनो, मोकळ्या जागेत रांग लिहा, आणि बाईंना सांगा, कोणी सांगितलं ते.

तात्पर्य : पुढचं घर मिळालं की मागचं सोडावं, ते मागच्याचं असतं, आणि यंत्राची होडी मिळाल्यावरही रापणीतली जागा न सोडता, पाठच्या नंबरावर असलेल्या मला अख्खा हंगाम पुळणीवर बसवून ठेवणाऱ्याने मरायच्या आधी एकदा येऊन 'चुकलं' म्हणावं, दार मी लावलेलं नाही, ऐकलंस का, बुधाजी कुबल.