स्थानक कुणाचं?

मालतीबाई खरवंडीकरांच्या घरात छताला लाकडी टेकू लावलेले होते आणि पाहुण्यांना त्यांना वळसा घालून बसावं लागे. इमारत पाडून नवी बांधायची, तर बिल्डरला जादा मजले हवे होते. नव्या नियमानं मेट्रो स्थानकाच्या परिसरात ते मिळणार होते. परिसर कुठवर धरायचा, एवढंच महापालिकेच्या सुनावणीत ठरायचं होतं.

सुनावणीला शेजारच्या बंगल्यातले अण्णासाहेब शेवडे उपरणं सावरत उभे राहिले. उंच इमारत झाली की लोक वरून त्यांच्या बागेत डोकावणार, ही त्यांची खरी अडचण.

"साहेब, ते स्थानक आमच्या वस्तीचं नव्हेच," ते म्हणाले. "ते पलीकडच्या नाक्याचं. आमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही."

अधिकारी लिहून घेऊ लागले. मालतीबाई शांतपणे उठल्या.

"अण्णासाहेबांचं म्हणणं मान्य करा, साहेब. फक्त तसं मेट्रोवाल्यांनाही कळवा. यांनी नाश्त्यापासून जेवणापर्यंत उपोषण करून त्या स्थानकाला आपल्या आजोबांचं नाव लावून घेतलंय, 'शेवडे नगर'. संबंधच नसेल, तर पाटी उतरवायला हवी."

सभागृहात हशा पिकला. अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. "मग काय लिहू, अण्णासाहेब?"

अण्णासाहेबांनी पाणी मागवलं आणि ते सावकाश प्यायले.

"तसं स्थानक आमच्या दारातच आहे म्हणा," ते पुटपुटले.

मालतीबाईंच्या इमारतीला जादा मजले मिळाले. पायाभरणीला अण्णासाहेब स्वतः आले आणि नव्या इमारतीलाही आजोबांचंच नाव द्यावं, असं सुचवून गेले.