अस्सल रिसीव्हर

“पण खरा की नकली, एवढंच सांगा ना, चाचा!”

परागनं हे तिसऱ्यांदा विचारलं. मुजावर चाचा बाभळीखाली बसून एका पंखाला चिकटपट्टी लावत होते. मिरजेबाहेरच्या त्या माळावर रिमोटची छोटी विमानं उडवायला शिकवणारे ते एकटेच. आयुष्य रेडिओ दुरुस्तीत गेलेलं, बोलणं मोजकं.

परागच्या तळहातावर काडेपेटीएवढा रिसीव्हर होता. हातातल्या रिमोटचा हुकूम विमानात बसून ऐकायचा, तो हा. हा बहिरा झाला की विमान दगडासारखं खाली. आणि ते विमान परागनं आठ महिने खपून स्वतः घडवलं होतं.

रिसीव्हर अस्सल कंपनीचा म्हणून घेतला, सहा उड्डाणं झकास झाली. मग कोणीतरी कानात सोडलं की बाजारात हुबेहूब नकला आल्यात. झालं! बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला. चार दिवस तो भिंग घेऊन स्टिकर बघत होता. बायको म्हणाली, “माझ्याकडं एवढं कधी बघितलं नाहीत.”

“हे अक्षर जरा जाड वाटतं... वाटतं ना?”

चाचांनी मान वर केली नाही.

“विमानात बसव. उडव.”

परागनं बसवला. रिमोट हातात घेतला, तसे चाचा उठले. सावकाश चालत गेले आणि विमान ज्या वाटेनं डोक्यावरून जाणार, तिथंच मधोमध मांडी घालून बसले.

“चाचा, बाजूला व्हा!”

“का?”

“नकली असला तर अंगावर येईल तुमच्या!”

“आणि खरा असला तर?”

खरा असता तर उडवलं असतं. सहा वेळा उडवलंच होतं की, शेळ्या राखणाऱ्या बायकांच्या डोक्यांवरून, बिनघोर. हे आठवलं आणि परागला स्वतःची लाज वाटली. चाचांचा रागही आला.

“सहा वेळा उडवलंस,” चाचांनी विचारलं, “आधी पावलं मोजलीस?”

पावलं म्हणजे या माळाची रीत. विमान जमिनीवर ठेवायचं, रिमोटची ताकद मुद्दाम कमी करायची, तीस पावलं लांब जायचं आणि तिथून शेपटी हलते का बघायचं. नकली माल घेतलेले दर उड्डाणाआधी मोजत, कारण त्यांना धाकधूक असे. परागनं एकदाही मोजली नव्हती. अस्सल मालाला कसली परीक्षा?

रिमोटची ताकद कमी करून तो पावलं मोजत चालू लागला. सत्तावीस... अठ्ठावीस... तिसाव्या पावलावर वळून त्यानं रिमोटची दांडी ढकलली.

शेपटी हलली. डावीकडं, उजवीकडं, अगदी लगोलग.

पराग पळतच चाचांपाशी आला.

“हलली, चाचा! म्हणजे खराच आहे ना? आता तरी सांगा!”

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. पायजम्याची माती झटकली.

“आज हलली.”